पंप हा ‘अ‍ॅड-ऑन’ नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकपत्रांमध्ये मानेवाड्याच्या एका वाचकांचं पत्र आलं होतं. ऑनलाइन कूलर घ्यायला गेलो, आधी एक किंमत दिसली आणि पैसे भरायच्या वेळी भलतीच झाली, हे ऑनलाइनवाले सगळे एका माळेचे मणी, असा त्यांचा सूर होता. पत्र वाचून मला रात्री झोप लागली नाही. सक्करदऱ्याला गेली २३ वर्षं मी कूलरचं दुकान चालवते आणि दोन उन्हाळ्यांपासून आमचं दुकान ऑनलाइनही आहे. त्या वाचकांचा राग रास्त आहे. पण असा अनुभव दर वेळी लबाडीतूनच येतो असं नाही, पुष्कळदा कॅटलॉग चुकीचा लावल्यामुळे येतो. तशी चूक आमच्याच दुकानाच्या हातून झाली आणि भर नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, एका घराला तिचा ताप झाला, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

नागपुरात होळी पेटली की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. ताट्या (कूलरच्या बाजूंना लावायचे, पाण्याने ओले होणारे पॅड) बदलायला, मोटरला तेलपाणी करायला, नवा घ्यायला लोक दुकानात येऊ लागतात. गिऱ्हाईक नुसतं ‘कूलर दाखवा’ म्हणतं. पुढचं सगळं मी विचारते. खोली केवढी आहे? खिडकीत बसवायचा की अंगणात ठेवायचा? खालचा मजला की स्लॅबखालची खोली? जुन्या कूलरचा पंप चालू आहे का? असला तर नवा कशाला घेता, ३५० रुपये वाचतील. आमच्याकडे नुसती बॉडी आणि मोटर नेणारे पुष्कळ आहेत, कारण पंप घरी असतोच. काउंटरवर हे पाच मिनिटांत उरकतं आणि गिऱ्हाईक काहीही विसरून जात नाही, कारण विसरू द्यायचं नाही हे माझं काम.

मोबाइलवर मी नसते. तिथं माझ्याऐवजी कॅटलॉगने विचारायचं असतं, आणि नेमकं तेच आम्हाला उशिरा कळलं.

वेबसाइट माझ्या भाच्याने वूकॉमर्सवर, म्हणजे ऑनलाइन दुकान मांडायच्या सॉफ्टवेअरवर, उभी केली. पोरगा हुशार आहे, रात्री जागून त्याने सगळं केलं. वूकॉमर्समध्ये एका वस्तूचे आकार, रंग असे प्रकार दाखवायची सोय मुळातच आहे, त्याला व्हेरिएबल प्रॉडक्ट म्हणतात. वस्तूसोबत घ्यायच्या जोडवस्तू, म्हणजे अ‍ॅड-ऑन, त्याच पानावर टिक करून घ्यायच्या असतील तर वेगळं प्लगइन, म्हणजे वरून बसवायचं जोड-सॉफ्टवेअर, लागतं. ते विकत घ्यायचा खर्च वाचावा म्हणून त्याने सगळंच प्रकारांमध्ये बसवलं. आकार तीन, १२, १५ आणि १८ इंची. मोटर दोन तऱ्हेच्या, कॉपर वाइंडिंगची आणि अ‍ॅल्युमिनियमची. ताट्या तीन तऱ्हेच्या. पंपासह की पंपाशिवाय, स्टँडसह की स्टँडशिवाय, कव्हरसह की कव्हरशिवाय. गुणाकार करून पाहा, १४४ होतात. आमच्या छोट्या दुकानात कूलरचे १४४ प्रकार!

त्याचा पहिला फटका मालाच्या हिशेबाला बसला. गोदामात १८ इंची कॉपरवाले कूलर होते ७. पण वेबसाइटवर तोच कूलर २४ ओळींमध्ये वाटला गेला होता, स्टँडवाला वेगळा, कव्हरवाला वेगळा, आणि प्रत्येक ओळीत शिल्लक ७ लिहिलेली. एप्रिलच्या एका रविवारी ११ ऑर्डरी आल्या. चार घरांना मला स्वतः फोन करून सांगावं लागलं की पैसे परत करते, कूलर नाही. त्यातल्या एका बाईंचं ‘मग दाखवला कशाला?’ हे वाक्य मी विसरलेले नाही.

मग भाच्याने प्लगइन घेतलं आणि दुसरं टोक गाठलं. आकार आणि मोटर तेवढी प्रकारांमध्ये ठेवली, बाकी सगळं अ‍ॅड-ऑनच्या यादीत टाकलं. स्टँड, कव्हर, वाळ्याच्या ताट्या आणि पंप. पान एकदम सुटसुटीत दिसू लागलं. वर किंमत आली ७,४५० रुपये, खाली बारीक अक्षरांत टिक करायचे चौकोन. मीही पाहिलं आणि ‘छान झालं रे’ म्हटलं. दोष त्याच्याइतकाच माझा आहे.

मे महिना, नवतपाचा तिसरा दिवस. दुपारी दीडच्या सुमाराला उमरेडहून फोन आला. शेतकरी काका होते, आदल्या दिवशीच आमच्या टेम्पोने त्यांच्याकडे कूलर पोचला होता.

“ताई, पंखा त जोरात फिरून राहिला, पन हवा गरमच येऊन राहिली. ताट्या ओल्याच नाही झाल्या.”

“पंप सुरू केला का जी काका?”

“पंप? कोणता पंप? खोक्यात त पंप नाहीच.”

मी कॉम्प्युटरवर ऑर्डर काढून पाहिली. पंपापुढचा चौकोन कोरा होता. काकांच्या घरी सून बाळंत होऊन आठ दिवस झाले होते, तिच्या खोलीसाठीच कूलर मागवला होता. दुकानातल्या पोराला पंप, नळी आणि दोन क्लिपा देऊन तशा उन्हात मोटरसायकलवर पाठवलं. साडेतीनला तिकडून फोन आला, पाणी चढलं. पंपाचे पैसे मी घेतले नाहीत. काका रागावले नव्हते, हेच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाले, “अ‍ॅड-ऑन म्हणजे वरतून काही शोभेचं असन असं वाटलं मले.”

त्यांना वाटलं ते बरोबरच होतं. अ‍ॅड-ऑनचा अर्थ तोच आहे. चुकीच्या जागी आम्ही पंप ठेवला होता. आपला कूलर गारवा देतो तो ओल्या ताटीतून हवा ओढली जाते म्हणून. टाकीतलं पाणी ताटीच्या माथ्यावर चढवतो तो पंप. तो नसला तर ती वस्तू कूलर राहत नाही, लोखंडी पेटीतला पंखा होतो.

त्या संध्याकाळी भाचा आणि मी शटर अर्धं ओढून बसलो आणि प्रत्येक वस्तूला मी काउंटरवर विचारते तेच प्रश्न विचारले. गिऱ्हाईक ‘नको’ म्हणालं तरी कूलर चालेल का? स्टँड नको, चालेल, विटांवर ठेवतील. कव्हर नको, चालेल. हे खरे अ‍ॅड-ऑन. त्यांपैकी एक घ्या, दोन्ही घ्या, काहीच घेऊ नका. दुसरा प्रश्न, दोन्ही एकदम घेता येतात का? एका कूलरला १५ इंची आणि १८ इंची असे दोन आकार असू शकत नाहीत, एक निवडावाच लागतो. हा प्रकार, म्हणजे व्हेरिएंट. आणि ज्याला ‘नको’ म्हणताच येत नाही आणि ज्यात निवडही नाही, ते किमतीत आधीच धरलेलं असलं पाहिजे. पंप तिथं गेला आणि पानावरची किंमत ७,८०० झाली. ज्यांच्याकडे जुना पंप आहे त्यांच्यासाठी ‘पंप नको, ३५० कमी करा’ असा चौकोन ठेवला. पैसे तेच. पण आता जो काहीच टिक करत नाही त्याच्याही घरी पूर्ण कूलर पोचतो.

खरं डोकं चालवावं लागलं ते ताट्यांवर. ताटीशिवाय कूलर नाही, म्हणजे ती अ‍ॅड-ऑन नव्हे. पण तीन तऱ्हेच्या ताट्या आहेत म्हणून तीन प्रकार करावेत का? भाचा म्हणाला, “हो मावशी, सरळ तीन.” मी त्याला गोदामात नेलं आणि ताटी हातात दिली. साधी ताटी म्हणजे लाकडाच्या बारीक कातरणाची, जाळीत भरलेली, वूडवूल म्हणतात ती. ती काढून त्याच चौकटीत वाळ्याची ताटी बसते. वाळा महाग, पण पहिलं पाणी पडलं की घरभर सुवास सुटतो आणि नागपूरकर त्या सुवासासाठी ९०० रुपये जास्त मोजतो. बॉडीत काहीही फरक नाही. म्हणजे ही नुसती अदलाबदल, साध्या ताटीऐवजी वाळ्याची, वर ९०० रुपये. हनीकॉम्बचं तसं नाही. तो कागदी पोळ्यासारखा जाड पॅड असतो, त्याला खोल खाचेची वेगळी बॉडी लागते. साध्या बॉडीत तो शिरतच नाही, मी भाच्याला घालून दाखवायला सांगितलं आणि अर्ध्यातच अडकला. म्हणजे हनीकॉम्बचा कूलर हा खरा वेगळा प्रकार, त्याचा माल वेगळा मोजायचा, फोटो वेगळा लावायचा. कॉम्प्युटरच्या यादीत वूडवूल, वाळा आणि हनीकॉम्ब हे तिघं शेजारी-शेजारी सारखेच दिसतात. फरक हातात धरल्यावर कळतो. म्हणून माझं म्हणणं आहे की कॅटलॉगची मांडणी नुसत्या वेबसाइटवाल्याच्या भरवशावर सोडू नये, माल हाताळणाऱ्या माणसाने शेजारी बसलं पाहिजे.

हिशेब केला. तीन आकार, दोन मोटरी, दोन बॉड्या. १४४ चे १२ प्रकार झाले. वाळ्याची अदलाबदल, स्टँड आणि कव्हर हे वरचे चौकोन. स्टँड आणि कव्हर यांचा माल आता स्वतंत्र मोजला जातो, त्यामुळे एकच कूलर २४ ठिकाणी दिसत नाही. बिलावरही त्यांची ओळ वेगळी येते, म्हणून स्टँड परत करणाऱ्याला कूलरसकट यावं लागत नाही.

आमचे सीए म्हणाले, करातही हा भेद आहेच. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्यात ज्या वस्तू स्वभावतःच एकत्र विकल्या जातात त्यांना कंपोझिट सप्लाय म्हटलंय आणि तिथं मुख्य वस्तूचा दर लागतो. एकमेकींशी संबंध नसलेल्या वस्तू एकाच किमतीत बांधल्या तर तो मिक्स्ड सप्लाय, तिथं त्यातला सगळ्यात जास्त दर लागतो. म्हणजे काय कशाचा भाग आहे आणि काय नुसतं सोबत आहे, हा प्रश्न सरकारनेही विचारून ठेवलाय.

गुगलच्या खरेदी विभागात माल दाखवतानाही तेच. एकाच वस्तूच्या प्रकारांना एकच आयटम ग्रुप आयडी द्यायचा असतो, आणि ते प्रकार रंग, आकार, नक्षी, मटेरियल, वय किंवा स्त्री-पुरुष अशाच गोष्टींनी वेगळे असावे लागतात. कूलर आणि कूलरचं कव्हर यांना एका ग्रुपमध्ये टाकणं त्या नियमात बसत नाही. आमचं तसं टाकलेलं होतं, भाच्याने ते काढलं.

आता मानेवाड्याच्या वाचकांच्या मूळ तक्रारीकडे येते, कारण जिथं खरोखर लबाडी असते तिथं ग्राहक निःशस्त्र नाही, हे फार कमी लोकांना माहीत आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार विक्रेत्याला एकूण किंमत दाखवावी लागते, आणि त्यात सक्तीचं शुल्क कोणतं, ऐच्छिक कोणतं, हे फोडून दाखवावं लागतं. ग्राहकाची संमती त्याने स्वतः होऊन दिलेली असली पाहिजे, आधीच टिक करून ठेवलेला चौकोन ही संमती धरता येत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत १३ क्लृप्त्यांची नावं दिली आहेत. न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणं म्हणजे बास्केट स्नीकिंग. किंमत आधी लपवून टप्प्याटप्प्याने वाढवत नेणं म्हणजे ड्रिप प्रायसिंग. असं कुणी केलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करावा.

हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता. ७,४५० दाखवून पंपाचे ३५० खाली ठेवणं, हे आमच्या मनात नसलं तरी ग्राहकाच्या बाजूने ड्रिप प्रायसिंगसारखंच दिसतं. उमरेडच्या काकांनी १९१५ लावला असता तर ‘भाच्याने पंप चुकीच्या यादीत टाकला’ हे उत्तर मी कुणाला देऊ शकले नसते. आणि ‘चला, गिऱ्हाईक विसरू नये म्हणून पंपाचा चौकोन आधीच टिक करून ठेवू’ हा सोपा उपाय भाच्याने सुचवलाही होता. तो करू दिला नाही, हे बरं झालं. आवश्यक वस्तू ही टिक करायची वस्तूच नव्हे.

ग्राहक म्हणून मला आलेला एक अनुभवही सांगते. दुकानासाठी एका मोठ्या पोर्टलवरून मी १० पंप मागवले. पानावर चांगले तारे होते, ‘पाणी भरपूर फेकतो’ अशी मतं होती. माल आला तेव्हा पंप लहान, १८ वॅटचे. आमच्या उंच कूलरमध्ये त्यांचं पाणी माथ्यापर्यंत पुरेसं पोचेना, ताटीच्या दोन्ही कडा कोरड्या. पुन्हा पान उघडून नीट वाचलं तर १८ वॅटचा आणि ४० वॅटचा असे दोन्ही पंप एकाच पानावर प्रकार म्हणून लावलेले होते. मतं बहुतेक ४० वॅटवाल्याची, आणि पान उघडताच निवडलेला दिसायचा तो स्वस्तातला १८ वॅटचा. वॅट बदलला की काम बदलतं, कोणत्या कूलरला चालेल ते बदलतं. एका पंपाची कीर्ती दुसऱ्याच्या अंगावर घालणं मला पटत नाही. वाचकांनी ऑनलाइन घेताना मतं कोणत्या प्रकाराची आहेत ते पाहावं, पुष्कळदा मताच्या वरच आकार किंवा रंग बारीक लिहिलेला असतो.

कूलरपुरतंच हे नाही. इतवारीत साड्यांचं दुकान असलेली माझी मैत्रीण याच गुंत्यात होती. तिच्या पानावर हिरवी साडी दिसायची, रंग लाल निवडला तरी फोटो हिरवाच राहायचा, आणि मग साडी परत यायची. प्रत्येक रंगाला स्वतःचा फोटो लावल्यावर तो त्रास मिटला. फॉल-पिको आणि ब्लाउज शिलाई तिने अ‍ॅड-ऑन केली, ते योग्य. ती सेवा आहे, तिचा साठा मोजायचा नसतो, पण मापं मात्र तिथंच विचारायला हवीत. साडीलाच जोडून आलेला ब्लाउजपीस तिने आधी ‘ब्लाउजपीससह’ असा वेगळा प्रकार करून ठेवला होता. तो साडीचाच भाग, तिथं निवड कसली? आणि नऊवारी व सहावारी एकाच पानावर प्रकार म्हणून ठेवू नकोस, असा मी हट्ट धरला. वेबसाइट ते करू देते. पण नऊवारी शोधणारी बाई सहावारीच्या पानावर येतच नाही, तिला नऊवारीचं वेगळं पान सापडलंच पाहिजे. मैत्रिणीने अजून ऐकलेलं नाही.

आपल्या शहरात पापड-लोणची करणाऱ्या बचत गटांच्या बाया, सांबारवडी घरपोच देणारे, शिलाईवाल्या, अशी कितीतरी माणसं आता मोबाइलवर दुकान मांडू लागली आहेत. त्यांना फोटो कसा काढायचा हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. कोणती वस्तू कशाचा प्रकार आणि कशाची जोड, हे कुणी शिकवत नाही. नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्ससारख्या संघटनेने उन्हाळ्याचा हंगाम लागायच्या आत एक दुपार यासाठी ठेवली तर मी माझी १४४ ओळींची जुनी यादी घेऊन यायला तयार आहे. आमची चूक दाखवली तर चार जणांचा हंगाम वाचेल. आणि शब्द मराठीच वापरा अशी विनंती. आम्ही आमच्या पानावरून ‘व्हेरिएंट’ आणि ‘अ‍ॅड-ऑन’ काढून टाकले. आता तिथं तीन मथळे आहेत, ‘यात काय काय आहे’, ‘कोणता हवा’ आणि ‘सोबत काही हवं का’. पहिल्या मथळ्याखाली बॉडी, मोटर, ताट्या, पंप, नळी, क्लिपा असं सगळं ओळीने लिहिलंय. फोनवर ‘पंप येतो का’ विचारणारे आता जवळपास थांबले आहेत.

काम संपलेलं नाही. परवा उमरेडच्या त्याच काकांचा फोन आला. नातू आता चालायला लागलाय आणि या उन्हाळ्यासाठी त्यांना वाळ्याच्या ताट्या हव्या आहेत. त्यांनी आमच्या पानावर सुट्या ताट्या शोधून काढल्या होत्या, पण पैसे भरण्याआधी विचारलं, “ह्या माह्या १८ इंचीलेच बसतीन ना ताई?” मी हो म्हटलं आणि मग पान उघडून पाहिलं. ताटीचं माप तिथं लिहिलेलंच नव्हतं, कोणत्या कूलरची ते तर नव्हतंच. रात्री टेप घेऊन तिन्ही आकारांच्या चौकटी मोजल्या, लांबी-रुंदी भाच्याला लिहून दिली. १२ आणि १५ इंचीचं चढवून झालं आहे, १८ इंचीचं आज करतो म्हणाला. तोवर काकांच्या ताट्या मी स्वतः मोजून बांधून ठेवल्या आहेत.

आपली,
एक कूलर विक्रेती
सक्करदरा, नागपूर